दाब, धर, सोड

"क्लच डाव्या हाताचाच आहे ना?" नमिता म्हणाली. "मग ह्यांनाच दाबू द्या की, पोपटकाका."

पोपट मिस्त्री मोटरसायकलच्या बुडाशी फतकल मारून बसला होता. कोलाड नाक्यावर पस्तीस वर्षं गाड्या उघडून बसलेला माणूस. गिऱ्हाईक काहीही बोलो, त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. आज मात्र तो नुसता 'हं' म्हणाला आणि पाना शोधू लागला. पाना हातातच होता.

वरसे गावातल्या नमिताच्या घराच्या पोर्चमध्ये तिच्या नवऱ्याची, हितेशची, गाडी आठ महिने उभी होती. मागे दोन्ही अंगांना पेट्या, पेट्यांवर लेह, स्पिती, कन्याकुमारीचे स्टिकर. उभ्या उभ्या क्लचचं रबरी सील सुकलं आणि तेल टपकू लागलं. नमिताने आधी फरशी पुसली, मग खाली वाटी ठेवली, मग पोपटला फोन केला. आता चालवणारंच कोणी नाही त्या गाडीचा क्लच गळला काय आणि न गळला काय. पण तिला हे सांगणार कोण? हितेशला अर्धांगाचा झटका आल्यापासून ती रोज गाडीला फडकं मारत होती आणि रोज त्याचा डावा हात तेलाने चोळत होती. हातात जे काय बळ यायचं ते सहा महिन्यांत येईल, त्यानंतर आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. सहाचे आठ झाले तरी तिने सोडलेली नव्हती.

नवं सील बसलं होतं. पाईपातली एअर काढायची तेवढी राहिली होती, आणि ते दोघांचं काम. एकाने वर क्लच दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली निपल, म्हणजे तेल सोडायची बारीक तोटी, पान्याने थोडं उघडायचं, की तेलाबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत पडतात. निपल बंद झालं की वरच्याने सोडायचं. तशीच वेळ आली तर पोपट एक हात वर, एक खाली ताणून एकटाही करायचा. नमिताच्या बोलण्यानंतर आज ती सोय राहिली नाही.

नमिताने हितेशची खुर्ची ढकलत हँडलपाशी आणली. त्याचा डावा हात उचलला आणि झोपलेल्या लेकराचा ठेवतात तसा जपून ठेवत एकेक बोट क्लचवर मांडलं.

"मी चहा ठेवते. मी बघत बसले की ह्यांना जमत नाही," म्हणत ती आत गेली. स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्येच उघडायची. तिच्यातून गाडीचं मागचं चाक तेवढं दिसे. ऐकू मात्र सगळं जाई.

"दाब," पोपट म्हणाला.

"दाबला."

"धर." पोपटने निपल उघडलं. नळीत काही आलं नाही. त्याने निपल बंद केलं. "सोड."

"सोडला."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. माणसावर संशय घेण्याआधी यंत्रावर घ्यायचा, ही पोपटची जुनी सवय. त्याने निपल काढून फुंकलं, नळी झटकली, परत लावली. पाचव्यांदा 'दाबला' ऐकल्यावर मात्र त्याने मान वर केली.

बोटं नमिताने मांडली होती तशीच होती. हितेशचे दात आवळलेले, गळ्याची शीर फुगलेली, कपाळ घामाने निथळत होतं. अख्खा माणूस दाबत होता. बोटं तेवढी दाबत नव्हती.

"आला बघ एक बुडबुडा," पोपट म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःची लाज वाटली.

"काका," हितेश अगदी हळू बोलला, "हँडलवरची तेलाची डबी माझ्या नाकासमोर हाय. तेल रेषेवरून हललेलं नाय."

पोपटने पाना खाली ठेवला. "मग दाबला दाबला काय म्हणतोस रे?"

हितेशने डोळ्यांनीच खिडकी दाखवली. आतला भांड्यांचा आवाज मघाच बंद झाला होता.

"ती ऐकतेय," तो म्हणाला. "तुम्ही म्हणत राहा."

पोपट गुडघ्यावर उठला, हितेशच्या गार बोटांवर आपला काळा, तेलकट पंजा ठेवला आणि दुसरा हात खाली पान्यापर्यंत ताणला.

"दाब," तो खिडकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.

"दाबला."

नळीतून फसफसत बुडबुडे निघाले. "धर. सोड." मग परत. हितेश भिंतीकडे बघत जबाब देत राहिला. नळीत नुसतं स्वच्छ तेल येऊ लागलं, क्लच कडक झाला, तेव्हा कुठे पोपटने हात काढला. खांद्यातून कळ गेली.

नमिता ट्रे घेऊन बाहेर आली. तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. गेल्या आठ महिन्यांत पोपटने तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"अठ्ठावीस वेळा," ती म्हणाली. "मी आतून मोजत होते."

"क्लच झाला गो," पोपट म्हणाला. तो पाना पुसू लागला.

तिने त्याला कप दिला. मग दुसरा कप उचलला. रोज ती तो हितेशच्या उजव्या हातात द्यायची. आज खुर्चीला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि क्लचवर तशाच पडलेल्या त्याच्या डाव्या हातापुढे तो धरून उभी राहिली.

"धरा," ती म्हणाली.