काडतूस आणि परात

"या जुन्या नंबरचं काडतूस आता कुणी मागत नाही, काका. नवी बंदूक घ्या," असं दुकानदार म्हणाला, तेव्हा गवसकाका नुसते हसले. वडिलांच्या रायफलीचं एक काडतूस घरी शिल्लक होतं.

रताळ्यांत रानडुक्कर शिरलं की काका नेम धरायचे आणि रायफल हळूच खाली घ्यायचे. "एकुलतं एक काडतूस घालवावं, एवढ्या लायकीचं हे नाही."

"लायकीचं येईस्तोवर रताळी उरायची नाहीत," म्हणत काकू परात बडवायच्या आणि डुक्कर पळायचं. सात वर्षांत परातीला पोचे पडले, काडतूस मात्र चकचकीत राहिलं.

यंदा खंडेनवमीला काकांनी पाटावर रायफल मांडली, काडतूस ठेवलं. मग स्वयंपाकघरातून परात आणली आणि पहिलं हळदकुंकू तिला वाहिलं.

"मिळालं एकदाचं लायकीचं कुणीतरी," काकू म्हणाल्या.