जाळीतली ऊब

श्रावणातली झड चार दिवस थांबेना. तान्ही लेक सकाळपासून शिंकत होती आणि घरात एकही कोरडं दुपटं नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली सुवर्णा ओली दुपटी घेऊन सूतगिरणीच्या ट्रान्सफॉर्मरच्या खोलीमागे गेली. तिथल्या जाळीतून गरम हवा यायची. सुवर्णा तान्ही असताना आईने तिचीही दुपटी तिथेच वाळवलेली.

आज जाळी गार होती.

"नवा ट्रान्सफॉर्मर बसवला!" मागून छत्री घेऊन आलेले, गिरणीतच वायरमन असलेले बाबा कौतुकाने म्हणाले. "जुना नुसता उभा असला तरी वीज खायचा. केवढी उष्णता वाया जायची!"

"वाया कुठं, बाबा? मी तिच्यावरच वाढले की."

घरी येऊन बाबांनी इस्त्री तापवली आणि एकेक दुपटं वाळवत बसले.

"वाचलेल्या विजेतली थोडी तुझी गं," ते नातीला म्हणाले.