नीरजाचा शेवट

नीरजा आणि सौमित्र यांच्या घरच्यांनी त्यांना एकदा भेटून घ्यायला सांगितलं होतं. नाशिकच्या कॅफेत बोलणं लगेच रंगलं, कारण दीपगृहावर नोकरी करणाऱ्या मुलीचा एक चित्रपट दोघांनाही फार आवडला होता.

“शेवटी नायिका नोकरी सोडून नायकाकडे परत येते, तेव्हा मी रडलोच,” सौमित्र म्हणाला.

“परत येते? मी पाहिला त्यात ती दीपगृहावरच राहते.”

चित्रपट दाखवणारा चष्मा बघणाऱ्याची नाडी ओळखून त्याला आवडेल तशी कथा वळवतो, हे दोघांना माहीत होतं. पण शेवटच बदलेल, असं वाटलं नव्हतं.

नीरजाने आपला चष्मा पुढे सरकवला. “यात माझा शेवट साठवलेला आहे. बघ.”

“नाही आवडला तर?”

“तर आई दुसरं स्थळ बघायला मोकळी.”

सौमित्र कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. मग त्याने चष्मा उतरवला.

“हे चूक आहे. तिने त्याला निदान विचारायचं तरी.”

“काय?”

“तू इकडे येतोस का, म्हणून.”

“आला असता?”

सौमित्र विचारात पडला. आजवर कुठल्याच चित्रपटाने त्याच्यावर ही वेळ आणली नव्हती.