ऐंशी किलो

दर शनिवारच्या ऑनलाइन कार रेसमध्ये शंतनू सलग सात आठवडे शेवटून पहिला आला होता. टायरमधली हवा कमीजास्त करून झाली, गिअर बदलून झाले, स्प्रिंगा कडक करून झाल्या, पण गेममधली त्याची गाडी काही पुढे सरकेना. शेवटी नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या खोलीत बसून त्यानं मित्रांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. सगळे एका रेषेवरून सुटले म्हणजे शर्यत बरोबरीची होत नाही. जिंकणाऱ्याच्या गाडीत ऐंशी किलो वजन टाका आणि मागे राहणाऱ्याच्या इंजिनाला जास्त ताकद द्या, हाच खरा न्याय.

दर वेळी जिंकायचा तो प्रशिक. "बरोबर बोलून राहिला तू," एवढंच म्हणून त्यानं वजन घेतलं.

त्या शनिवारी शंतनू पहिला आला आणि प्रशिक अर्ध्या सेकंदानं दुसरा. रविवारी सकाळी शंतनूनं सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. "शेवटी ज्याच्यात दम असतो ना बे, तोच जिंकतो," असं तो प्रत्येकाला सांगत होता.

प्रशिकनं डबा उघडून त्याच्या हातावर पेढा ठेवला. "माह्या बहिणीचा नंबर लागला मेडिकलले. दोन वर्षं टीव्ही नाही पाहिला पोरीनं."

शंतनूनं पेढा तोंडात टाकला.


"तुम्हा लोकांचं बरं असतं यार. तुम्हाला सवलत असते."