वहीत नसलेले दत्तोबा

सांगवीच्या आमच्या बाप्टिस्ट चर्चला यंदा शंभर वर्षं होतायत आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या एस्तेरआजींनी पहिलंच नाव सांगितलं, दत्तोबा. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत एकशे बारा नावं निघाली. दत्तोबा कुठंच नव्हते. वही तीनदा चाळून मी पुन्हा आजींकडं गेलो.

"आजी, ते ख्रिस्ती होते का नव्हते?"

"मला काय ठावं? देवळात कधी दिसले न्हाईत, चर्चात बाकावर कधी बसले न्हाईत."

"मग त्यांचं नाव कशाला घालायचं?"

आजी तडकल्या. "आरं, पाळक आमाला नीरेत आख्खं बुडवून बाप्तिस्मा द्यायचे. नदीला कुठं डोह, कुठं गाळ. दर खेपंला दत्तोबा आदी उतरायचे, बुडी मारून तळ बघायचे आन् वर येऊन म्हनायचे, 'हितं या, हितं भ्या न्हाय.'"

मी वही आजींपुढं उघडून धरली.

"आमी येकदाच बुडलो, तर आमची नावं वहीत हायती," आजी म्हणाल्या. "त्ये दर येकाच्या आदी बुडले. त्येंला काय म्हनायचं, त्ये आता तूच लिव."