निळी बरणी

"निळी बरणी तुझ्या मास्तरची होती," बाई म्हणाल्या, आणि नकटीच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत पोचलाच नाही.

प्रयोगशाळेत तिला सगळे लाडाने नकटीच म्हणत. नाक बसकं खरं, पण असं तिखट, की तळमजल्यावर कुणी संत्रं सोललं तरी हिला वर कळायचं. अशा नाकाची माणसं बाईंनी वेचून वेचून गोळा केली होती. माणूस माणसाकडे ओढला जातो तो वासामुळे का, हे शोधण्यात बाईंची हयात गेली. पुरुषांनी दोन रात्री एकच सुती बनियन घालून झोपायचं. साबण नाही, अत्तर नाही, लसूण नाही. सकाळी ते बनियन काचेच्या बरणीत, आणि मग बायकांनी डोळे मिटून हुंगायचं. ऐकणाऱ्याला शिसारीच यायची. पण बाई एकेक बरणी अशा उचलत, की जणू आत कुणाचं तान्हं झोपलंय. ते पाहिलं की हसणाऱ्याचंही हसू विरायचं.

या खेपेला नकटीने स्वतः हुंगायचा हट्ट धरला होता. चित्रकलेचा एक मास्तर आणि ती, दोघांची कॉलेजपासूनची सोबत. त्याने लग्नाचं विचारलं होतं आणि आज संध्याकाळी तो उत्तर घ्यायला येणार होता. माणूस म्हणजे शंभर नंबरी सोनं. पण त्याला बघून हिचं काळीज काही धडधडत नसे. मग हे प्रेम, की नुसती सवय? मैत्रिणींना विचारलं, तर "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं" म्हणून त्या खो खो हसल्या. शेवटी हिने ठरवलं, मन थापा मारतं, नाक मारत नाही. तो बिचारा हिच्यासाठी दोन रात्री बिनसाबणाचा झोपला. "नापास झालो तर गं?" त्याने बनियन देताना हसत विचारलं. ही हसली नाही.

कुठल्या रंगाच्या झाकणाची बरणी कुणाची, ते फक्त बाईंना ठाऊक. एका बरणीत मुद्दाम न वापरलेलं, कोरं बनियन ठेवलेलं असे. हुंगणारी उगाच ठोकून देते की काय, ते कळावं म्हणून. लाल झाकण उघडून नकटीने लगेच लावलं. पिवळ्यापाशी मात्र ती रेंगाळली, चक्क लाजली. हिरवं उघडलं, नाक मुरडलं. निळं उघडलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि बेधडक सांगून टाकलं, "ही कोरी. हिच्यात काहीच नाही."

आणि तीच निघाली त्याची!

"संपलंच की मग," नकटी म्हणाली. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. "एवढा चांगला माणूस, आणि माझ्या नाकाच्या लेखी तो नाहीच. कुठल्या तोंडाने हो म्हणू, बाई? मी त्याला फसवणार नाही. आज नाही म्हणून सांगते."

बाईंनी तिला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"खरी कोरी कुठली, ते नाही विचारलंस," त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"हिरवी. तिला काय म्हणाली होतीस?"

"नव्या कापडाचा वास. खळीचा."

"म्हणजे कोऱ्या कापडाचासुद्धा वास आला तुला. आणि ज्यात एक धडधाकट माणूस दोन रात्री घामाघूम झोपला, त्यात काहीच नाही? नाक चुकलं म्हणायचं का?"

"माझं नाक चुकत नाही," नकटी रडता रडताही फणकारली.

"तेच म्हणते मी. हे बघ, ते फेरोमोन, जोडीदाराला ओढून आणणारं द्रव्य, पतंगात सापडलं. माणसात अजून कुणाच्या बापाला खात्रीने सापडलेलं नाही, मलाही नाही. पण परक्याच्या घरात पाऊल टाकलं की वास येतो ना? आपल्या घरात येतो का कधी?"

नकटीने डोळे पुसले. "तुम्ही माझी समजूत काढताय."

निळं झाकण बाईंनी घट्ट लावलं. घरचं बोलणं त्यांच्या तोंडी कधी नसे. यजमान वारले, एवढंच सगळ्यांना माहीत. पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"जन्मभर एका उशीवर झोपलो आम्ही," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "हे नाक मी जगभर मिरवलं. पण यांचा वास कसा, असं कुणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं. मला वाटायचं, यांना वासच नाही."

"आणि मग? आला कधी?"

"हे गेल्यावर. यांचं कपाट उघडलं, तेव्हा पहिल्यांदा."