पान दोनशे बारा

"दोनशे बारा पानावर ही कसली खूण?" प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"शंका आहे," समोर बसलेली लेक म्हणाली. "लेखकाला विचारायची. मी स्वतः वाक्याला हात लावत नाही. आमच्या कामात ती पद्धत नाही."

बावीस वर्षं ती लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासत होती, बापाचं पुस्तक मात्र पहिल्यांदाच हाती आलं होतं. संध्याकाळी ते छपाईला जायचं होतं. विषय तोच, त्यांनी जन्मभर लावून धरलेला. अवकाश आणि काळ ही माणसाने सोयीसाठी केलेली मांडणी नव्हे, ती खरीखुरी वस्तू आहे, हे टेबल आहे तशी. आपण पुढे गेलो म्हणून मागचं गाव पुसलं जात नाही, तसा गेलेला क्षणही आपल्या जागी असतोच. विभागात या मताच्या लोकांना 'आहेवाले' म्हणत. समोर 'नाहीवाले'. त्यांच्या मते वस्तू आणि घटना तेवढ्या खऱ्या, काळबिळ वेगळं काही नाही, सरलं ते सरलं. तीस वर्षं हा तंटा चालला होता आणि प्राध्यापक एकदाही हरले नव्हते. काळ असा मुठीत असलेल्या या माणसाला घरासाठी मात्र कधी वेळ सापडला नाही.

दोनशे बारा पानावर त्यांनी बायकोला आणलं होतं. 'माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली, असं लोक म्हणतात. ती कुठेही गेलेली नाही. एका सकाळी ती खिडकीशी उभी राहून ओले केस पुसत आहे, आणि ती सकाळ अजून आहे.'

शेजारी समासात पेन्सिलीची बारीक अक्षरं होती: 'फक्त ही सकाळ आहे, की पाच वाजून दहा मिनिटंही? लेखकाने खात्री करावी.'

प्राध्यापकांनी ते दोनदा वाचलं. "पाच दहा म्हणजे?"

लेकीने पिशवीतून एक वही काढली. आईच्या शेवटच्या तीन आठवड्यांत हॉस्पिटलमध्ये उशाशी असायची ती. ताप, गोळ्या, पाणी, सगळं त्यात लेकीने वेळेसह टिपलेलं होतं. प्रूफ मोठ्याने वाचतात तशी ती वाचू लागली, एका सुरात, विरामचिन्हांसकट.

"चार वीस. ताप एकशे एक. 'हे निघाले का', प्रश्नचिन्ह. चार पन्नास. पाणी दोन चमचे. दाराकडे बघतेय, पूर्णविराम. पाच दहा. दाराकडेच, पूर्णविराम." तिने वही मिटली. "पाच पंचवीसला आई गेली. तुम्ही साडेपाचला आलात."

"मी साडेतीनलाच निघणार होतो. एक उत्तर द्यायचं राहिलं होतं."

"कशाचं उत्तर?"

दोघांनाही ठाऊक होतं. त्या दुपारी भरल्या सभागृहात ते काळ खरोखर आहे हे सिद्ध करत होते, आणि टाळ्या पडून गेल्यावरही नाहीवाल्यांना पुरतं गप्प करायला आणखी अर्धा तास त्यांनीच मागून घेतला होता.

"तुमचं खरं असेल तर ते पाच दहाही अजून आहेच ना, बाबा? म्हणजे आई अजून दाराकडे बघतेय. कायमची. खिडकीतली सकाळ तेवढी ठेवायची आणि हे गाळायचं, असं चालतं का तुमच्या शास्त्रात?"

हे वाक्य तिने दोन वर्षं मनात घोटलं होतं. बापाने एकदा, फक्त एकदा, 'चुकलो' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन उचललं आणि तो परिच्छेद ओळीमागून ओळ खोडून टाकला. मग खालचाही खोडला.

"नाहीवाल्यांच्या म्हणण्यातही तसं तथ्य आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "असेल नुसती मांडणी. सरलं ते सरलं. ते पाच दहा आता कुठेच नाही." त्यांनी मान वर केली. "नाही ना गं?"

भल्याभल्यांना तीस वर्षांत जमलं नव्हतं ते तिने अर्ध्या तासात केलं होतं. आता तिला बरं वाटायला हवं होतं. ती पानाकडे बघत राहिली. शाईची रेघ खिडकीवरून गेली होती, ओल्या केसांवरून गेली होती. पाच दहा कुठेच नाही. म्हणजे ती खाट नाही, तिने पाजलेलं दोन चमचे पाणी नाही, आणि दाराकडे लागलेले ते डोळेही नाहीत. तिलाही काही उरलं नव्हतं.

तिने पान आपल्याकडे ओढलं आणि खोडलेल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने टिंबं देत गेली. छापखान्यात या टिंबांचा अर्थ एकच होतो: खोडलेलं परत घ्या, होतं तसं छापा.

"अगं, पण मग ती तशीच..."

"बघू दे तिला दाराकडे."

"लेखक मी आहे," प्राध्यापक कसेबसे म्हणाले. "तू मला विचारलं नाहीस."

"तुम्हाला काय विचारायचं?" लेक मान वर न करता म्हणाली. "तिथे मी होते."